चीनचे मुक्तद्वार आणि आमचा कापूस

अहेरी तालुक्यात प्राणहितेच्या काठी देवलमरी म्हणून गाव आहे. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरले म्हणजे तेथील पात्रात खडकांचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो. गुराख्यांस व मासे धरणाऱ्यांस तो ठाऊक आहे. इतरांस त्याचे काही विशेष वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील सरकारी लिखाणांत ह्या खडकांस एक स्वतंत्र नाव आहे, ते म्हणजे 'तिसरा अडथळा'. गोदावरीच्या मुखाकडून वर येताना पहिला अडथळा दुम्मागुडेमचा, दुसरा इंचमपल्लीचा आणि तिसरा हा आमच्या देवलमरीचा. प्रत्येक अडथळ्याच्या बगलेने कालवा काढावा, नावा त्यातून वर चढवाव्यात व समुद्रापासून थेट वर्धा नदीपर्यंत जलमार्ग सुरू करावा, अशी ही योजना होती. सर आर्थर कॉटन हे तिचे मोठे पुरस्कर्ते होते. सन १८६१ च्या सुमारास काम हाती घेण्यात आले, लाखो रुपये खर्ची पडले आणि सन १८७१ मध्ये ते सोडून देण्यात आले. खालच्या दुम्मागुडेमचे काम बरेच झाले. वरच्या अंगाचे अपुरेच राहिले.

ज्या मुलखात आजही पावसाळ्यात कित्येक गावांची वाट बंद होते, त्या मुलखात दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारने इतका पैसा का ओतावा? आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता जुनी दप्तरे चाळण्याचा योग अनेकदा आला व हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर अहेरीत सापडत नाही, नागपुरातही सापडत नाही. ते अमेरिकेच्या कापसात व चीनच्या बाजारात सापडते. आज अमेरिका व चीन यांच्या व्यापारी भांडणाच्या वार्ता रोज वाचावयास मिळतात आणि आमचे कास्तकार बंधू, ‘ते मोठ्यांचे भांडण, आपणांस काय त्याचे?’ असे म्हणून पान उलटतात. हे भांडण जुने आहे आणि आमच्या कापसाच्या बोंडाशी त्याचा संबंध त्याहूनही जुना आहे, हे दाखवावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चहा, चांदी, अफू व कापूस

इंग्रजांस चीनचा चहा हवा होता. चीनला मात्र इंग्रजांचा माल फारसा नको होता. त्यामुळे चहाची किंमत रोख चांदीत मोजावी लागे. ही चांदी वाचविण्याकरिता कंपनी सरकारने व इंग्रज व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानातील दोन जिनसा चीनकडे लोटल्या. एक अफू व दुसरी कापूस. मुंबई बंदरातून गुजरातचा कापूस कँटन बंदरी जाई. वऱ्हाड-नागपूरच्या कापसाची एक वाट तर आज ऐकून नवल वाटावे अशी होती. बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर गोण्या लादून सुमारे ५०० मैलांचा जंगलातील प्रवास करीत तो मिर्झापुरास गंगेकाठी पोचे, तेथून नावांनी कलकत्त्यास उतरे, आणि त्यांपैकी काही बंगालच्या विणकरांकडे, तर काही जहाजाने चीनकडे जाई. वाटेत पाऊस लागला तर कापूस भिजे, बैल मरत, आणि मूळ पिकविणाऱ्याच्या पदरी नाममात्र किंमत पडे. म्हणजे आगगाडी येण्यापूर्वी दोन पिढ्या आमच्या मातीचा कापूस चिनी कुणब्याच्या अंगरख्यात शिरलेला होता.

अमेरिका ह्या व्यापारात फार लवकर उतरली. सन १७८३ मध्ये तिचे स्वातंत्र्य मान्य झाले व लगेच १७८४ मध्ये 'एम्प्रेस ऑफ चायना' नावाचे जहाज न्यूयॉर्कहून कँटनला निघाले. पुढे अमेरिकन पेढ्याही अफूत पडल्या. इंग्रज हिंदुस्थानची अफू नेत, तर अमेरिकन बहुधा तुर्कस्थानची. चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन झेशू याने सन १८३९ मध्ये परक्यांची वीस हजारांवर अफूच्या पेट्या नष्ट केल्या. त्यावरून इंग्रजांनी युद्ध केले. सन १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांस मिळाले, पाच बंदरे व्यापारास मोकळी झाली, वर २ कोटी १० लक्ष डॉलरची भरपाई चीनवर बसली. लवकरच जकातीचा दरही सुमारे शेकडा ५ असा बांधून टाकला गेला. आपल्याच बंदरात येणाऱ्या मालावर किती जकात घ्यावी हे ठरविण्याचा अधिकार चीनच्या हाती उरला नाही.

अमेरिकेने ह्या युद्धात बंदुकीचा एक बारही काढला नाही. परंतु सन १८४४ मध्ये वांगशिया येथे तिने स्वतःचा तह करून घेतला व त्यात एक कलम घातले, ते असे की चीन इतर कोणत्याही राष्ट्रास जी सवलत देईल, ती आपोआप अमेरिकेसही मिळावी. शेजाऱ्याने कुंपण तोडले, आपण त्याच खिंडारातून आत शिरलो, वर ‘आम्ही कुंपणास हातही लावला नाही’ असे म्हणावयास मोकळे! अमेरिकेच्या चीनविषयक धोरणाचे बीज ह्या एका कलमात आहे.

एकाच वर्षी दोन नद्या

सन १८५८ मध्ये तिएनत्सिन येथे झालेला तह चीनवर पुनः युद्ध करून सन १८६० मध्ये पेकिंग येथे कायम करण्यात आला व त्यायोगे यांगत्से ही चीनची महानदी परक्यांच्या व्यापारास मोकळी झाली. त्याच सन १८६० मध्ये इंग्रजांनी निजामाशी तह केला. गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांकडे आले आणि नदीवरून जाणाऱ्या मालावर कोणतीही जकात घेऊ नये असे ठरले. त्या तालुक्यांचा 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा झाला व सिरोंचा हे त्याचे ठाणे झाले. चीनमध्ये तोफा वाजल्या व येथे फक्त कागद झाले हा भेद खरा. परंतु दोन्हीकडे नदी मोकळी झाली ती बाहेरच्या मालकाच्या सोयीकरिता; काठावरच्या माणसास कोणी विचारले नाही.

ही निकड मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची होती. त्यांचा सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील गुलामांच्या मळ्यांतून येई. सगळी भिस्त एका देशावर ठेवणे धोक्याचे, हे त्यांस कळत होते. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि त्यांची भीती खरी ठरली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. मग सर्वांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. हिंगणघाटचा कापूस, वऱ्हाडचा कापूस, मिळेल तो कापूस! भाव दुप्पट, तिप्पट, त्याहूनही वर गेले. मुंबईत चांदीचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या व त्यांच्या भागांचा सट्टा सुरू झाला. चांदा जिल्ह्यातून वाहणाऱ्या वर्धेचे व प्राणहितेचे पाणी मँचेस्टरच्या सभांतून मोजले जाऊ लागले ते ह्याच काळात.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. भाव कोसळले. १ जुलै १८६५ ह्या वायद्याच्या दिवशी मुंबईतील मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे वाजले. अमेरिकेचा कापूस पुनः लिव्हरपूलला उतरू लागला व सन १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोचली. मग देवलमरीच्या खडकांस कोण विचारतो? खडक होते तेथेच होते. गरज संपली होती. तेजीच्या भरात ज्यास सावकाराने हवे तितके कर्ज दिले होते, त्या कुणब्याकडे मात्र तगादा सुरू झाला. सन १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळण्यात आल्या. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने अनेक कारणे नोंदविली. अमेरिकन युद्धकाळातील तेजीने वाढलेली पत व नंतरची मंदी हे त्यांपैकी एक होते.

मुक्तद्वार म्हणजे काय?

आता अमेरिकेच्या प्रत्यक्ष उडीकडे वळू. सन १८९५ मध्ये जपानने चीनचा पराभव करून फोर्मोसा घेतले. ते पाहून युरोपातील राष्ट्रांस धीर धरवेना. जर्मनीने क्याउचाऊ, रशियाने पोर्ट आर्थर, इंग्रजांनी वैहैवै व फ्रेंचांनी दक्षिणेस क्वांगचाऊवान ही ठाणी घेतली आणि जो तो आपापल्या ठाण्यामागील मुलूख आपल्या व्यापाराचे राखीव कुरण मानू लागला. सन १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध करून अमेरिकेने फिलिपाईन बेटे मिळविली होती व चीनचा बाजार तिच्या नजरेच्या टप्प्यात आला होता. परंतु चीनमध्ये तिचे स्वतःचे ठाणे नव्हते. म्हणून तिचा परराष्ट्रमंत्री जॉन हे याने सन १८९९ मध्ये इंग्लंड, जर्मनी, रशिया, फ्रान्स, इटली व जपान ह्या सहा राष्ट्रांस पत्रे धाडली. कोणी कोठेही ठाणे केले असले तरी बंदर, जकात व आगगाडीचे भाडे ह्या बाबतींत सर्व राष्ट्रांच्या व्यापाऱ्यांस सारखी वागणूक मिळावी, असा त्यांचा आशय होता. यालाच 'मुक्तद्वार धोरण' म्हणतात.

ऐकावयास हे मोठे न्यायाचे वाटते, आणि चीनचे उघड तुकडे पडू नयेत असे म्हणणारे तेच एक धोरण होते, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक ही की पत्रे सहा राष्ट्रांस गेली. ज्याच्या घराचे दार उघडावयाचे त्या चीनला कोणी विचारले नाही. दुसरी ही की ज्या अमेरिकेने चीनचे दार उघडे मागितले, तिने स्वतःचे दार चिनी मजुरांस सन १८८२ च्या कायद्याने बंद केले होते व परक्या मालावर सन १८९७ मध्ये भारी जकात बसविली होती. ह्या अपमानाविरुद्ध सन १९०५ मध्ये चिनी व्यापाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारला. आमच्याकडे वंगभंगाच्या निमित्ताने स्वदेशीची चळवळ उठली तीही त्याच वर्षी.

त्या काळी चिनी कुणब्याच्या अंगावरील कापडाकरिता चार बाजूंनी ओढाताण चालली होती. मँचेस्टरचे तलम कापड, अमेरिकेच्या दक्षिणेकडील गिरण्यांचे जाडेभरडे कापड, मुंबईकडील गिरण्यांचे सूत आणि जपानी सूत. आमच्या सुताचा चीन हा मोठा गिऱ्हाईक होता. परंतु सन १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. त्यामुळे रुपया महाग व चीनची चांदी स्वस्त झाली आणि आमचे सूत चिनी गिऱ्हाइकास महाग पडू लागले. निर्णय झाला इंग्लंडच्या हिशेबाने, तोटा झाला मुंबईच्या गिरणीचा व तिला कापूस देणाऱ्याचा, नफा झाला जपानचा. त्याच वर्षी जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीच्या मदतीने पूर्वेकडे स्वतःची जहाजे सुरू केली, कारण माल नेण्याचे भाडे इंग्रज कंपनीच्या हाती होते. त्या कंपनीने भाडे अगदी नाममात्र करून त्यांस हटविले. नागपूरची एम्प्रेस मिल काढणारे टाटा जेथे टिकले नाहीत तेथे एकट्या कास्तकाराची काय कथा!

दोन गिऱ्हाइके आणि एक गिऱ्हाईक

शेतकऱ्याने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा एक भाग चीनच्या तंबाखूचा आहे. अमेरिकेचा ड्यूक व इंग्लंडचे तंबाखूवाले यांत प्रथम निकराची चढाओढ झाली. सन १९०२ मध्ये दोघांनी समेट करून जगाचा बाजार वाटून घेतला व बाहेरच्या देशांकरिता 'ब्रिटिश-अमेरिकन टोबॅको' ही जोड कंपनी काढली. सन १९१३ च्या सुमारास ह्या कंपनीने चीनच्या शांतुंग प्रांतात अमेरिकन जातीच्या तंबाखूची लागवड सुरू करविली. बी दिले, पान वाळविण्याची रीत शिकविली, साधनांची व कोळशाची उधारीने सोय झाली. पहिल्या वर्षांत भाव चांगला मिळाला. लोकांनी धान्य सोडून तंबाखू लावली. एकदा शेत, भट्टी व कर्ज ही तिन्ही तंबाखूत अडकल्यावर मात्र पानाची प्रत ठरविणारी कंपनी, भाव सांगणारीही कंपनीच. दोन परदेशी व्यापारी भांडत होते तोवर शेतकऱ्यास निदान दोन गिऱ्हाइके तरी होती. त्यांचा समेट झाला त्या दिवशी एकच उरले. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ अशी म्हण आहे. तिच्या पोटात हेही आहे की दोघांचा समेट झाला की तिसऱ्याने सावध व्हावे.

अमेरिकेच्या घरच्या राजकारणाने चीनचा शेतकरी कसा भरडला गेला याचे दुसरे उदाहरण सन १९३४ चे आहे. आपल्याकडील चांदीच्या खाणवाल्यांस खूश करण्याकरिता अमेरिकन सरकारने चढ्या भावाने चांदी खरेदी करण्याचा कायदा केला. चीनचे नाणे चांदीचे. तेव्हा चीनमधली चांदी बाहेर वाहू लागली, पैशाची टंचाई झाली, धान्याचे भाव पडले, कर्ज मात्र जड झाले. अखेर नोव्हेंबर १९३५ मध्ये चीनला चांदीचे चलन सोडावे लागले. अमेरिकेचा हेतू चीनला बुडविण्याचा होता असे आम्ही म्हणत नाही. तिच्या हिशेबाच्या वहीत चिनी शेतकऱ्याचे खातेच नव्हते, इतकेच.

तेवढ्यात आमच्या वऱ्हाडी कापसाचीही पाळी आली होती. आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक आता जपान झाले होते. सन १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर सुती कापडावर शेकडा ७५ जकात बसविली. जपानी गिरण्यांनी उलट हिंदी कापूस घेणेच थांबविले. सन १९३४ मध्ये करार झाला तो असा: जपानने १० लक्ष गाठी घ्याव्यात व त्याबद्दल ३२.५ कोटी वार कापड येथे विकावे. १५ लक्ष गाठी घेतल्यास ४० कोटी वार विकावे. आमची गाठ ही दुसऱ्याच्या पटावरची सोंगटी झाली! पुढे चीनवरील आक्रमणावरून व पूर्वेकडील पुढच्या चढाईवरून जपानचे अमेरिकेशी व इंग्लंडशी बिनसले. सन १९४१ मध्ये जपानशी व्यवहार गोठविण्यात आले व आखूड धाग्याचा कापूस एका फटक्यात गिऱ्हाइकावाचून पडला.

आमच्या मुलखातून चीनकडे केवळ कापूस गेला असे मात्र नाही. सन १९३८ मध्ये राष्ट्रसभेच्या वतीने जे वैद्यकीय पथक चीनच्या साहाय्यास गेले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला. ज्या वाटेने आमची अफू गेली त्याच वाटेने पुढे हे डॉक्टर गेले, ही एक समाधानाची गोष्ट.

आजचे भांडण

सन १९४९ नंतर चीनने परक्यांस दार बंद केले व अमेरिकेनेही बाहेरून कडी घातली. सन १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले तेव्हापासून कडी सैल होऊ लागली. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि शंभर वर्षांपूर्वीचे चित्र उलटे झाले. आता चिनी माल अमेरिकेच्या दारात जाऊन उभा राहिला, आणि मुक्तद्वाराचा घोष करणारी अमेरिका दार लोटू लागली. मात्र आपल्या कापूस पिकविणाऱ्यांस ती भरघोस अनुदान देत आली होती. त्यामुळे जगाचा भाव दबतो अशी तक्रार ब्राझीलने सन २००२ मध्ये गुदरली व ती जिंकलीही. गरीब देशांतल्या कापूसवाल्यास असले अनुदान कोठचे?

आमच्या स्मरणातील गोष्ट सांगतो. सन २०११ नंतर चीन सरकारने आपल्या कोठारांत कापसाचे डोंगर रचण्यास आरंभ केला. आमच्या गाठी तिकडे धो धो जाऊ लागल्या. मार्च २०१२ मध्ये आमच्याच सरकारने निर्यातीवर एकाएकी बंदी घातली व ओरड होताच आठवड्याभरात ती सैल केली. सन २०१४ मध्ये चीनने कोठारभरणी थांबविली आणि भाव घसरला. आम्ही पीकपेऱ्याचे तक्ते भरीत असू तेव्हा एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसे: ज्या हंगामात भाव चढला त्याच्या पुढच्या हंगामात कापसाचा रकाना फुगे, आणि फुगलेल्या रकान्यास चढा भाव क्वचितच भेटे. सन २०२२ च्या आरंभी कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात आमच्या परिचयाच्या एका कास्तकाराने ‘दहा हजारांखाली देणार नाही’ म्हणून सगळा कापूस घरातच कोंबून ठेवला. झोपावयास जागा उरली नाही, लेकरांच्या अंगास खाज सुटली. अखेर पेरणी तोंडावर आली तेव्हा बियाण्याच्या पैशासाठी तोच कापूस सात हजारांच्या आसपास द्यावा लागला. त्याचा दोष एवढाच की गेल्या वर्षीचा भाव त्याने कायमचा मानला. सन १८६४ च्या कुणब्याचाही दोष तोच होता.

सोयाबीनचे तेच. सन २०१८ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर जकात वाढविली. चीनने अमेरिकन सोयाबीनवर शेकडा २५ जकात बसविली व खरेदी ब्राझीलकडे वळविली. सन २०२५ मध्ये भांडण पुनः पेटले, तेव्हा ऐन हंगामात चीनने अमेरिकन सोयाबीन घेणेच थांबविले. ३० ऑक्टोबर रोजी दोन्ही राष्ट्राध्यक्ष कोरियात भेटले आणि खरेदी पुनः सुरू करण्याचे ठरले. त्या हंगामात आमच्याकडे सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता, आणि विदर्भातील अनेक बाजारांत माल त्याखाली विकला जात होता. कापसाचे पाहू गेल्यास, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने हिंदी मालावर शेकडा ५० जकात लागू केली. त्याच महिन्यात आमच्या सरकारने परदेशी कापसावरील शेकडा ११ जकात उठविली व ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. गिरण्यांस दिलासा हवा होता हे मान्य. पण दिवाळीच्या सुमारास ज्याचा कापूस वेचणीस येतो त्याच्या बाजारात परदेशी गाठ मोकळी सुटली. मँचेस्टरच्या सोयीने नदी मोकळी होई तेव्हा परक्यांचे राज्य होते. आज राज्य आपले आहे, तेव्हा आपले म्हणणे मांडण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

कापूस नसलेल्या गावांनी आपण सुटलो असे मानू नये. पूर्वीच्या अहेरी जमीनदारीतील सुरजागडचे लोहखनिज आज खणले जाते, आणि जगातील निम्म्याहून अधिक पोलाद चीन बनवितो. तेथील भट्टी मंदावली की खनिजाचा भाव जगभर हलतो. आमचा डोंगरही आता त्याच तराजूत बसला आहे.

मग करावे काय?

दोन रेडे झुंजतात तेव्हा त्यांस बांधीतून हाकलणे एकट्याच्या हातचे नसते. परंतु आपली बांधी कोठे आहे व रेडे कोणीकडून येत आहेत हे पाहणे हातचे असते. आम्हांस सुचतात त्या चार गोष्टी अशा.

पहिली: तेजीच्या भावावर कर्ज काढू नये. कर्जाचा हिशेब पाच वर्षांतील पडत्या भावाने करावा. चढता भाव हा पाहुणा आहे, घरचा गडी नव्हे.

दुसरी: सर्व शेत एका गिऱ्हाइकाच्या पिकाखाली घालू नये. धान, तूर, ज्वारी यांस घरातच गिऱ्हाईक असते. ते कोणाच्या तहाने बंद होत नाही. शांतुंगच्या तंबाखूवाल्याची गोष्ट आठवावी. बी, उधारी व खरेदी ही तिन्ही एकाच हातात असतील तेथे करारावर अंगठा करण्यापूर्वी प्रत व भाव कोण ठरविणार हे कागदावर लिहवून घ्यावे. हा एकटा गिऱ्हाईक सरकार असले म्हणून सर्व भागते असेही नाही. सन १९७२ च्या कापूस एकाधिकार योजनेचा अनुभव आपल्या गाठी आहेच.

तिसरी: माल धरण्याची शक्ती एकट्यात नसते, संघात असते. कापूस झोपण्याच्या खोलीत भरणे म्हणजे साठवण नव्हे. सोयाबीन, तूर, भात यांसारखा माल बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत अगर वखारीत ठेवून त्यावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते. गावातील दहा-वीस खातेदारांनी एकत्र येऊन माल वाळविला, निवडला व वजन करून नेला तर व्यापाऱ्याशी बोलण्याची भाषाच बदलते.

चौथी गोष्ट आमच्या जुन्या धंद्यातली आहे, म्हणून ती आग्रहाने सांगतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद वेळेवर करावी. सन २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाच्या खरेदीकरिता आगाऊ नोंदणी लागली. हमीभाव मध्यम धाग्यास ७,७१० व लांब धाग्यास ८,११० रुपये होता. खुला बाजार पडलेला असता हाच आधार. परंतु ज्याच्या उताऱ्यावर पिकाचा रकाना कोरा, त्याची गाडी केंद्राच्या फाटकातून परत फिरते. नोकरीत असता अशी माणसे टेबलासमोर उभी राहिलेली आम्ही पाहिली आहेत. कापूस खरा, घाम खरा, माणूस खरा. फक्त कागद नाही. ई-पीक पाहणीची मुदत चुकवू नये. ज्यास फोन चालविता येत नाही त्याच्या शेतावर जाऊन ती करून देणे हे आपल्या संघाच्या शिकल्यासवरल्या सभासदांनी आपले काम मानावे.

चीनने आपली जकात आपण ठरविण्याचा हक्क सन १८४२ नंतर गमावला, तो त्यास सुमारे सन १९३० पर्यंत परत मिळाला नाही. गेलेले दार परत आपल्या हाती घेण्यास त्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली, आणि तेही दुसऱ्याच्या कृपेने झाले नाही. त्यामागे बहिष्कार होते, चळवळी होत्या, संघटना होती. पुढील उन्हाळ्यात प्राणहितेचे पाणी उतरेल तेव्हा सभासदांपैकी ज्यांस सवड असेल त्यांनी देवलमरीस जाऊन तो खडकांचा पट्टा अवश्य पाहावा, व जाताना आपल्या मुलांसही बरोबर न्यावे.